तेलंग ‘नुसतं हँडल फिरवत’ होते?

3 मे, म्हणजे पहिला भारतीय कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्याचा दिवस, जवळ आला की पुण्यातल्या सिनेमावेड्यांच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) फाळक्यांनी एकट्यानं केला, कॅमेऱ्यावरचे त्र्यंबक तेलंग नुसतं हँडल फिरवत होते, वेग ठरलेला, सेकंदाला 16 फ्रेम, म्हणून माणसं तुरुतुरु पळतात, चमत्कार नंतर लॅबमध्ये जोडले, आणि कॅमेरा परदेशी, म्हणजे तंत्रातलं इथलं काहीच नाही.

चित्रपट फाळक्यांचाच, यात वाद नाही. तेलंगांना कॅमेरा शिकवला तोही त्यांनीच. पण ‘एकट्यानं’ म्हणताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही गळतात. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं घरीच, अंधारात पाडावी लागत. ते काम त्या करत. दोन छिद्रांतलं अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र उड्या मारतं.

आता हँडल. कॅमेऱ्याला मोटर नव्हती. एका फेऱ्यात साधारण 8 फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. शटर (फिल्मसमोर फिरणारी, उजेड अडवणारी चकती) 180 अंशांचं, म्हणजे अर्धं उघडं, धरलं तर प्रत्येक फ्रेमला 1/32 सेकंद उजेड मिळतो. हात मंदावला की तो वेळ वाढतो, चित्र जास्त उजळतं आणि पडद्यावर हालचाल घाईची दिसते. म्हणजे वेग आणि एक्स्पोजर दोन्ही एकाच मनगटावर. खाली जाताना हात घाई करतो, वर येताना रेंगाळतो. नवख्याचं चित्र म्हणूनच लुकलुकतं. कोरड्या हवेत झपाट्यानं फिरवलं तर फिल्मवर स्थिर विजेच्या ठिणग्या उमटतात, फांद्या फुटल्यासारख्या रेघा. त्या निगेटिव्ह धुतल्यावरच कळतात, तोवर नट मेकअप उतरवून घरी गेलेले असतात. शिवाय ती फिल्म लाल रंगाला आंधळी: कुंकू आणि लाल लुगडं काळं, निळं आभाळ पांढरंफटक. लाइट मीटर नाही. हे सगळं डोळ्यांनी जोखायचं आणि हात चालू ठेवायचा. याला ‘नुसतं’ म्हणायचं?

16 चा वेग ‘ठरलेला’ असूच शकत नव्हता, कारण तो ठरवणारं यंत्रच नव्हतं. 16 हा अंदाज होता. माणसं पळतात ती बहुतेक वेळा आपण मूकपट बोलपटाच्या 24 च्या वेगानं दाखवतो म्हणून. चित्रपटाची लांबी 3700 फूट. फुटाला 16 फ्रेम. 16 च्या वेगानं तो 62 मिनिटं चालतो, 24 नं 41. सगळीकडे छापला जाणारा ‘40 मिनिटां’चा आकडा कोणत्या हिशेबाशी जुळतो ते बघा. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली रिळं तर 1475 फुटांचीच आहेत, आणि ती 1917 च्या पुनर्निर्मितीची असावीत असं अभ्यासक मानतात. त्यांची घाईघाईची प्रत मोबाइलवर बघून 1913 च्या कॅमेरामनचा हात कसा होता ते ठरवायचं, हा अन्यायच.

चमत्कार नंतर नाही, कॅमेऱ्यातच होत. देव प्रकट करायचा तर हात थांबवायचा, बाकीच्यांनी श्वास रोखून उभं राहायचं, देवानं ठरलेल्या जागी यायचं, पुन्हा हँडल. मध्ये तिपाईला धक्का लागला की भिंतसुद्धा उडी मारते. एक दृश्य दुसऱ्यात विरघळवायचं तर चार फेऱ्यांत भिंगाचं छिद्र मिटवत न्यायचं, भिंग झाकून फिल्म तेवढीच मागे घ्यायची, मग नवं दृश्य चार फेऱ्यांत उघडायचं. मोजणी एका फेऱ्यानं चुकली की मधोमध काळोखाचा खड्डा पडतो, आणि दोन्ही दृश्यं पुन्हा घ्यावी लागतात. कल्पना दिग्दर्शकाची, पण मोजणी हँडलवाल्याची.

राहिला परदेशी कॅमेरा. फाळक्यांचा विल्यमसन इंग्लंडचाच. पण 7 फेब्रुवारी 1920 ला मंडईजवळच्या आर्यन थिएटरात लागलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट ज्या कॅमेऱ्यानं टिपला, तो त्याचे दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन कोल्हापुरातच बनवला होता. हेच दामले पुढे 1933 साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीबरोबर पुण्यात आले.