आयर्न क्रॉसवर खरडलेली अक्षरं आणि एक फिरता मेसेज

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन ‘आयर्न क्रॉस’ या लष्करी पदकावर टोकदार वस्तूने खरडलेल्या बारीक रेघांचा फोटो आणि खाली चार ओळी, असा मेसेज अधूनमधून फिरत येतो. त्यात म्हटलेलं असतं: ही अक्षरं सुटरलिन लिपीतली आहेत, हिटलरने ती बंद केल्यामुळे आज ती कुणालाच वाचता येत नाही, सरकार पदकावर नाव घालूनच देत असे, त्यामुळे हे त्या शूर सैनिकाचंच नाव, आणि आता एआयला फोटो दाखवला की नाव लगेच कळतं.

जुनी जर्मन अक्षरं वाचण्यात मी बराच वेळ घालवतो, म्हणून हे असंच सोडून देववत नाही. अशा रेघांमागे कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ असतो. चुकीचं नाव एकदा चिकटलं की ते निघत नाही.

आधी लिपी. लुडविग सुटरलिन या बर्लिनच्या चित्रकाराला प्रशियाच्या (तेव्हाचं जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य) शिक्षण खात्याने मुलांसाठी सोपं वळण तयार करायला सांगितलं 1911 मध्ये. प्रशियाच्या शाळांत ते शिकवायला लागले 1915 पासून. आता हिशोब करा. 1914 मध्ये वीस वर्षांचा असलेला शिपाई 1894 चा. साधी शाळा चौदाव्या वर्षी संपायची, म्हणजे तो 1908 च्या सुमारास शाळेबाहेर पडलेला. त्याने सुटरलिन गिरवली कधी? तो लिहायचा ती कुरेंट, शेकडो वर्षं चालत आलेली तिरकी, टोकदार धावती लिपी. सुटरलिन तिचंच सरळ आणि गोल केलेलं शालेय रूप आहे. 1914 च्या क्रॉसवर खरोखरच सुटरलिन वळण दिसलं, तर मला आधी शंका येईल की हे पुढच्या पिढीतल्या कुणीतरी नंतर लिहून ठेवलं असावं.

अडचण खरी आहे ती वाचण्यात. कुरेंटमध्ये ‘ई’ म्हणजे जवळजवळच्या दोन उभ्या रेघा, ‘एन’ म्हणजे थोड्या लांब ठेवलेल्या दोन उभ्या रेघा, आणि ‘यू’ म्हणजे तशाच दोन रेघा, फक्त डोक्यावर एक छोटी कमान. हाइने हे आडनाव घ्या: एच, ई, आय, एन, ई. पहिल्या मोठ्या अक्षरानंतर ओळीने सात उभ्या रेघा आणि वर एकच टिंब. शाईने कागदावर लिहिलं तर अंतरावरून अंदाज येतो. लोखंडावर सुई घसरते, गोलाईचा कोपरा होतो, अंतर बिघडतं, टिंब गंजात बुडतं. मग त्या सात रेघांतून तीन-चार वेगवेगळी आडनावं निघू शकतात. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको: लिपी येणं वेगळं आणि एका माणसाचं वळण ओळखणं वेगळं.

दुसरी चूक तर मी वारंवार पाहतो. जुन्या जर्मन लिखाणात मोठ्या ‘आय’ला आणि ‘जे’ला एकच आकार चालायचा. म्हणून ‘जे. आर. 76’ असं दिसलं की लोक जे. आर. हे सैनिकाचं नाव समजतात. ते आहे इन्फंट्री रेजिमेंट 76! तसंच पाठीवरचं ‘एफडब्ल्यू’ मालकाचं नाही. ते 1813 मध्ये हे पदक सुरू करणाऱ्या राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसऱ्याचं आहे, आणि 1813 हा आकडाही त्याचाच.

बंदीची गोष्ट अर्धी खरी. 3 जानेवारी 1941 च्या परिपत्रकात हिटलरच्या जवळच्या मार्टिन बोरमानने छापील गॉथिक अक्षरांना ‘ज्यू अक्षरं’ ठरवलं. त्याला इतिहासात काडीचाही आधार नाही, आणि त्या परिपत्रकाचं लेटरहेड स्वतःच गॉथिकमध्ये छापलेलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शाळेतली जर्मन हस्तलिपीही थांबवली. पण शाळेत शिकवणं थांबलं म्हणून ती आधीच शिकलेली माणसं लिहायची थोडीच थांबली? हॅम्बुर्गमध्ये ‘सुटरलिनस्टुबे’ नावाचा ज्येष्ठांचा गट लोकांची जुनी पत्रं वाचून देत आला आहे. अभिलेखागारांत काम करणारे तर ही लिपी रोज वाचतात.

सरकार नाव घालून देत असे, हा समज ब्रिटिश पदकांवरून आला असावा. सातारा-रत्नागिरीकडे मराठा पलटणींतल्या शिपायांच्या घरी त्या युद्धाची पदकं आहेत. त्यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. जर्मनीत तशी पद्धत नव्हती. दुसऱ्या वर्गाचे आयर्न क्रॉस 50 लाखांहून जास्त वाटले गेले, बिननावाचे. ज्याला वाटलं त्याने सोनाराकडून नाव कोरून घेतलं किंवा स्वतः खरडलं. ते बायकोने, मुलाने किंवा पुढे पदक विकणाऱ्यानेही केलेलं असू शकतं.

राहिलं एआय. ट्रान्सक्रायबससारखी साधनं कुरेंट चांगली वाचतात, पण ती शिकली आहेत कागदावरच्या शाईवर. धातूवरच्या ओरखड्यांसमोर साधा चॅटबॉट बेधडक एक नाव सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून चारही बाजूंनी फोटो काढा. पॉलिश मुळीच करू नका. काळा थर गेला की बारीक रेघाही जातात. मग जी नावं शक्य वाटतात ती सगळी लिहा आणि 1914 ते 1919 मध्ये छापलेल्या जर्मन हानी-याद्यांत (मृत, जखमी, बेपत्ता सैनिकांच्या याद्यांत) शोधा. त्या स्वयंसेवकांनी नेटवर शोधण्याजोग्या करून ठेवल्या आहेत. सैनिक बव्हेरियाचा निघाला तर म्युनिकच्या युद्ध अभिलेखागारात त्याची पलटण-नोंद मिळण्याची बरीच आशा आहे. प्रशियाचा असेल तर अवघड, कारण तिथल्या सैन्याची बहुतेक कागदपत्रं पॉट्सडॅमला होती आणि एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली.