जाळ अन् धूर संगटच, गाडी मात्र जागेवर

कालपासून डोकं सणकलंय. कुठंतरी ओकलं पाहिजे, म्हणून लिहितोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज आहे माझं. शटर पुरतं वर जायच्या आत फोन वाजतो. "मामा, गाडी कवा मोकळी हुतीया?" पलीकडं पंचविशीतला गडी. बापाची शिरोलीला फौंड्री. पोरानं ऑडी टीटी उचललीय, सेकंड हँड, दोन दरवाज्यांची. आणि त्याला ती 'ड्रॅगला' तयार करून पाहिजे. ड्रॅग म्हणजे चारशे मीटरची सरळ शर्यत, पण ती नेमकी कुठं, हे विचारायचं नाही. विचारलं की गडी फुगतो.

गाडी चीज आहे, त्यात वाद नाही. २०१५ साली भारतात आली तेव्हा शोरूमची किंमतच ६० लाखांच्या वर होती. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, चारी चाकांना ताकद, शून्य ते शंभर ५.३ सेकंदांत. हे सगळं कंपनीतून निघतानाच, कुणी हात न लावता. आणि आता ती बनायचीही बंद झालीय, २०२३ च्या नोव्हेंबरात शेवटची निघाली. असली गाडी हाताला लागल्यावर माणूस जपेल. ह्यानं काय केलं? माझ्याकडं यायच्या आधी कुणाकडून तरी मागचा सायलेन्सर कापून घेतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला आणि सरळ पाइप ठोकला. चेक इंजिनचा दिवा पेटला, तर त्यावर काळी टेप. टेप! मी नखानं काढली ती, खालचा दिवा बिचारा पिवळा जळतच होता.

"आवाज बघा की मामा, जाळ अन् धूर संगटच!"

हे वाक्य ज्यानं कोल्हापुरात पहिल्यांदा म्हटलं, त्याला रश्श्याबद्दल बोलायचं असेल नाहीतर कुस्तीबद्दल. मोटारीला ते लागू होत नाही रे बाबा. सायलेन्सरातून जाळ येतोय याचा अर्थ जे पेट्रोल सिलिंडरात जळून पिस्टन ढकलायला पाहिजे होतं, ते बाहेर नळीत जळतंय. ॲक्सिलरेटर सोडला की फाट फाट वाजतं ना, ते 'पॉप्स अँड बँग्स'. सॉफ्टवेअरमधून ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात, वर पेट्रोल सोडत राहतात, आणि तो भडका जातो एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवर आणि टर्बोच्या पंख्यावर. वेग? शून्य. पाय काढल्यावर वाजणाऱ्या आवाजानं गाडी पळेल कशी, एवढं तरी डोक्यात यावं. आणि धूर निघतोय म्हणजे टायर जमीन सोडून जागेवर फिरतोय. जो फिरतोय तो ढकलत नाही. ड्रॅगमध्ये हरलेल्या गाडीच्या मागं धूर असतो, जिंकणारी निघून गेलेली असते.

पण सांगायची सोय नाही. व्हिडिओ बघून सगळे इंजिनियर झालेत. "स्टेज टू मारा", "स्टेज थ्री मारा". मारा काय मारा, इंजेक्शन आहे का ते? स्टेज वन म्हणजे नुसतं ईसीयूचं, इंजिनच्या कॉम्प्युटरचं, रिमॅपिंग, म्हणजे त्यातला मॅप, सॉफ्टवेअर बदलणं. स्टेज टू म्हणजे त्याच्या जोडीला टर्बोमागचा मोठा डाउनपाइप, हवेचा इनटेक, बऱ्याचदा टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर. ह्याच्या गाडीत मॅप भरलाय १०० ऑक्टेनच्या भारी पेट्रोलच्या हिशोबाचा, कुणाकडून तरी पेन ड्राइव्हमध्ये आलेला, आणि टाकीत ओततोय वाटेतल्या पंपावरचं साधं पेट्रोल. मग इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून आत ठोके बसतात. नॉक झालं की ईसीयू इंजिन वाचवायला ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, आणि पैसे भरून वाढवलेली ताकद तिथल्या तिथं गुल. आमच्या एप्रिलच्या उन्हात दोनदा जोरात पळवली की इंटरकूलर तापतो, तिसऱ्यांदा तीच गाडी मरगळते. हे त्याला स्कॅनर लावून आकड्यात दाखवलं. तर म्हणतो, "स्कॅनर जुना असंल तुमचा."

बरं.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवाय त्याला. का, तर गिअर टाकताना 'फिस्स' वाजतं. ह्या इंजिनात कंपनीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो, जादा दाबाची हवा परत इनटेकमध्ये फिरवतो. तो काढून हवा बाहेर सोडणारा बसवला तर मिळतं ते फक्त फिस्स. शिवाय १९ इंची चाकांची ऑर्डर दिलीय, ब्रँडेडच्या दिसण्याची, कुठल्यातरी ओतीव माल विकणाऱ्याकडून. उचलून बघितलं मी एक, मूळ चाकापेक्षा चांगलंच जड. फिरणारं वजन वाढलं की सुटतानाच मार बसतो, हे फौंड्रीवाल्याच्या पोराला मी शिकवायचं! ज्याचा बाप कास्टिंगमध्ये सूतभर फरक पडला तर अख्खा लॉट परत घेतो. आणि डिकीत सबवूफर, लाकडी पेटीसकट. गाडी हलकी करायची सोडून हा वाजंत्री घेऊन निघालाय.

आता ज्याचा खरा राग आहे ते सांगतो.

गाडी लिफ्टवर घेतली आणि टायरची कड बघितली. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ह्याच्या मागच्या दोन्ही टायरवर ३२१७. म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. रबर नखानं दाबलं तर दबत नाही, खोबणीत बारीक चिरा. ब्रेक ऑईल चहासारखं काळपट. पुढचे पॅड संपत आलेले. डबल क्लचच्या ह्या गिअरबॉक्सचं ऑईल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, ते कधी बदललं याचा ह्याला पत्ता नाही, आणि हा रोज लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीत रेस चढवून झटक्यात सुटायची सोय, लावून क्लच जाळतोय. चारशे मीटरची गोष्ट करणाऱ्याला ह्यातलं एकही सुचलं नव्हतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

ड्रॅग हा खेळ आहे, त्याला मोजमाप आहे. ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. दिवे लागतात, गाडी रेषेवर उभी करायची असते, आणि घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर नाही तर गाडी रेषेवरून हलल्यावर सुरू होतं. म्हणून हिरव्यावर पेंगलेला माणूस कमी वेळ लावूनही हरू शकतो. पहिल्या ६० फुटांत गाडी कशी सुटली यावर अर्धा निकाल ठरतो, आणि ते ६० फूट टायर जिंकून देतात, सायलेन्सर नाही. हे सांगितलं तर पोरगं जांभई देतं.

आणि पळवायची कुठं? लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅगची स्पर्धा भरत आलीय. तिथं हेल्मेट लागतं, गाडीची तपासणी होते, वेळ छापून मिळते. जा म्हटलं तिथं. "तिथं कोण बघणार मामा आपल्याला?" हे उत्तर. म्हणजे पळवायची नाही, दाखवायचीय. आपल्याच गावात हुपरी रोडला गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, कोल्हापूरची पोरं राष्ट्रीय स्पर्धांत शर्यती मारून आलीत. त्यांच्यातला एकजण तरी ताराराणी चौकाच्या सिग्नलला रेस देत उभा असलेला दाखवा मला.

ह्यांचं मैदान म्हणजे रात्रीचा पुणे-बेंगळुरू हायवे. सहापदरी करायचं काम चाललंय, कुठं रस्ता वळवलेला, कुठं नुसती माती. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, लाल दिव्याच्या नावानं शंख, फार तर एखादं पोतं लटकतंय. ही गाडी मूळ ताकदीवरसुद्धा चौदा सेकंदांच्या आसपास पाव मैल संपवते, आणि शेवटाला काटा दीडशेच्या वर असतो. दीडशेला गाडी एका सेकंदात ४० मीटरपेक्षा जास्त जाते. अंधारात ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. पुढं काम कुणाचं? त्या २०१७ च्या टायरचं आणि त्या काळ्या ऑईलचं.

सापडला की मग कायदा आठवतो. रस्त्यावर शर्यत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेकायदा बदलाला दर बदलामागं पाच हजार, वर सहा महिन्यांपर्यंत आत टाकायची सोय वेगळी. सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत. पण पोलिसांनी अडवल्यावर हे गडी पहिलं नाव कुणाचं घेतात? "गॅरेजवाल्यानं बसवून दिलं, साहेब." मी न कापलेल्या सायलेन्सरची चौकशी माझ्या दारात! आणि ज्याला खरंच कायद्यात राहून, कागद करून, मैदानावर गाडी पळवायचीय, त्यालाही मग सगळे ह्याच माळेत ओवतात. गल्लीतल्या म्हाताऱ्या मला बघून पदर कानावर घेतात.

काल संध्याकाळी आला होता. मी म्हटलं, मूळ कन्व्हर्टर आणि सायलेन्सर परत बसवू, टायर चारी नवे, पॅड, ब्रेक ऑईल, गिअरबॉक्सचं ऑईल. मॅप साध्या पेट्रोलचा. मग सुटायचा सराव कर, ॲम्बी व्हॅलीचा फॉर्म मी भरून देतो. ऐकलं सगळं. मोबाइलवर बोट फिरवत ऐकलं. चाकांच्या ऑर्डरला हजारोंचा ॲडव्हान्स देऊन बसलाय, ती रद्द करणार नाही म्हणाला. टायर पुढच्या महिन्यात बघू. मग बिलाचा कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि बोट नेमकं ब्रेक ऑईलवर ठेवलं.

"मामा, ह्यातलं दोनशे कमी करा की."