बातमी दाबा असं मी कुठं म्हटलंय?

नमस्कार सर,

‘बंदूक अतिरेक्याची आणि दोष कॅमेऱ्याला? १९३०चा मार्शल लॉ भोगलेल्या सोलापुरात राहून बातम्या दाबायचं समर्थन करता?’ असं तुम्ही माझ्या ‘माध्यमांमुळेच हिंसा वाढते’ म्हणणाऱ्या, अतिरेकी हल्ल्यांच्या बातम्यांवरच्या लेखाबद्दल लिहिलंत. इंग्रजांच्या त्या लष्करी अंमलाचा, मार्शल लॉचा टोला बसला बरं का. पण माझं भांडण बातमीशी नाही, कारवाई चालू असताना ती थेट दाखवण्याशी आहे.

२६/११चंच, २००८च्या मुंबई हल्ल्याचंच घ्या. ताज हॉटेलमधल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना देणारे टीव्ही लावून बसले होते. आग लावा, ज्वाळा दिसल्या की लोक घाबरतील, असं ते सांगत होते. ते बोलणं टेप झालंय. कुठले लोक? पडद्यासमोर बसलेले तुम्ही-आम्हीच की! अतिरेकी घुसलेल्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले, तेही सगळ्या जगानं थेट पाहिलं. कसाब खटल्याच्या २०१२च्या निकालात सुप्रीम कोर्टानं वाहिन्यांना यावरूनच झापलं. हीच दृश्यं सगळं आटोपल्यावर दाखवता आली असती, असं कोर्ट म्हणालं. २०१५मध्ये केबल टीव्हीच्या नियमांतही अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई आली.

आणि अफवा? २८ नोव्हेंबरला सीएसटीवर पुन्हा गोळीबार झाल्याची पट्टी फिरायला लागली. शेजारच्या काकूंचा मुलगा त्या रात्री तिथूनच सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापूरला यायचा होता. काकू आमच्या टीव्हीसमोर उभ्या, एका हाताला कणीक तशीच, दुसऱ्या हातानं पुन्हा पुन्हा फोन लावतायत. लागेना. गोळीबार झालाच नव्हता. पोरगा शनिवारी सकाळी बॅग घेऊन दारात हजर, आणि वर विचारतो, ‘एवढे मिस्ड कॉल कशाला?’

तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो. अमेरिकेत टपालानं बॉम्ब पाठवणाऱ्या ‘युनाबॉम्बर’चा जाहीरनामा ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं १९९५मध्ये छापला. लिहिण्याची ढब त्याच्या सख्ख्या भावानं ओळखली आणि तो सापडला. छापलं म्हणूनच सापडला, हे मला मान्य आहे. फक्त तिथं छापण्याआधी तपास यंत्रणेशी बोलणं झालं होतं, कुणी माइक घेऊन धावत सुटलं नव्हतं.

‘माध्यमांमुळेच हिंसा वाढते’ या माझ्या वाक्यातला ‘च’ मात्र जास्तीचा होता. तो आज काढलाय. बाकी लेख आहे तसाच ठेवतोय.