अल्बर्टचं सोनं झेपेलिनच्या भीतीने गेलं नाही

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या अल्बर्ट मेमोरियलच्या फोटोसोबत एक मजकूर सगळीकडे फिरतोय. व्हिक्टोरिया राणीने नवऱ्याचं हे स्मारक पदरच्या पैशाने बांधलं, त्याच्या हातात बायबल आहे, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन झेपेलिनना, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या हवाई जहाजांना, दिसू नये म्हणून सोन्याची मूर्ती काळी केली, असं त्यात म्हटलंय. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पैशाचं आधी सांगतो. अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात गेला. त्यानंतर लोकवर्गणी जमली, ती पुरेना म्हणून पार्लमेंटने ५०,००० पौंड मंजूर केले. एकूण खर्च सुमारे १,२०,००० पौंड. म्हणजे यात सामान्य माणसांचा पैसा आहे आणि तो त्यांच्या नावावर राहायलाच हवा.

हातातलं पुस्तक बायबल नाही. तो १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या, जगभरातल्या वस्तूंच्या भव्य प्रदर्शनाचा कॅटलॉग आहे. त्या प्रदर्शनासाठी अल्बर्टने जिवाचं रान केलं होतं. सगळं स्मारक याच धाग्यावर उभं आहे. कोपऱ्यावरचा आशियाचा शिल्पसमूह जवळून बघा: गुडघे टेकलेला हत्ती आणि त्याच्यावर बसून तोंडावरचा पदर दूर करणारी स्त्री. आशियाने त्या प्रदर्शनात आपली कलाकुसर जगापुढे उघड केली, तो हा पदर. हत्तीचे टेकलेले गुडघे मात्र मला खुपतात. त्यात साम्राज्याचा माज आहे.

आता झेपेलिन. मुळात मूर्ती भरीव सोन्याची नाहीच, ब्राँझवर सोन्याचा वर्ख आहे. आणि ती उघड्यावर नाही. वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने तिच्यावर उंच गॉथिक छत्री उभारली आहे. आपल्याकडे वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, तिथेही छत्री हा शब्द स्मारकासाठीच येतो. इथे तर मूर्तीच्या डोक्यावर खरोखरचं छत आहे. आकाशातून बघणाऱ्याला ती दिसणार कशी? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, १९९० च्या दशकातल्या जीर्णोद्धाराआधी इंग्लंडमधल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने तपास केला, तेव्हा काळा थर १९१४ च्याही आधीचा निघाला. लंडनवर झेपेलिनचा पहिला हल्ला झाला १९१५ साली. कोळशाच्या धुराने मूळचा वर्ख खाल्ला आणि म्हणून तो थर चढवला असावा, असा अंदाज आहे.

१९९८ मध्ये मूर्तीवर पुन्हा सोनं चढलं. फिरणाऱ्या फोटोत चमकतंय ते हे सोनं.