हल्कची पँट

भाच्याला दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं, नंबर येईपर्यंत गप्प बसेल म्हणून हातात हल्कचं कॉमिक दिलं, तोच तो, चिडला की फुगून राक्षस होणारा. दोन पानं उलटली नाहीत तोच, "मामा, हल्कचा शर्ट फाटतो मग पँट का नाही फाटत?"

म्हटलं, पँट स्ट्रेचेबल असते रे. "मग शर्ट पण तसलाच का नाही घेत?"

इथे मी शांतपणे विषय बदलणार होतो. पण शेजारच्या काकांनी, गाल हा असा सुजलेला आणि तोंडात कापसाचा बोळा, पुस्तक ओढूनच घेतलं. "उभा जन्म पँटी शिवण्यात गेलाय माझा," असं काहीतरी ते बोळ्याआडून म्हणाले. मग चित्रावर बोट ठेवून सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं, "कंबर एवढी वाढली की पहिलं बटण उडणार, मग आसनात टर्रकन उसवणार. शिवणीत दोन इंच माया सोडली तरी मागची बाजू वाचत नाही! आणि हे म्हणे गुडघ्यापाशी फाटतं? कोणी शिवलीये ही?" हे माझ्याकडे बघून, जणू मापं मीच घेतली होती. समोरच्या बाई फिसकन हसल्या.

इज्जत वाचवायला मी सांगितलं की १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क मुळात राखाडी होता, छपाईत तो रंग धड येईना म्हणून पुढच्या अंकापासून हिरवा केला. काका म्हणाले, "बरोबर, कापड विटलं की गडद रंगवून घेतातच." आणि भाचा मला म्हणतो, "मामा, काकांना किती माहितीये!"

अरे, माहिती मी दिली ना!

म्हणजे घोळ घालणार कॉमिकवाले आणि निस्तरायचे मामाने. हल्क एरवी ज्या साध्या माणसाच्या रूपात असतो तो ब्रूस बॅनर. १९६४ मध्ये हल्कचे लेखक स्टॅन ली यांनीच त्याला चुकून बॉब बॅनर लिहिलं, लोकांनी पकडलं तर म्हणे त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. झालं, मिटलं. वर असल्या चुकांचे खुलासे वाचकांनीच करून पाठवायचे आणि बक्षीस काय, तर हे कॉमिक काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचं रिकामं पाकीट. खरंच रिकामं, आणि वर छापलेलं असायचं की यात मार्व्हलचं अस्सल 'नो-प्राइझ' आहे. मला तर तेही कोणी देत नाही. बहिणीला सांगितलं तर म्हणाली, तूच लावलीस ना सवय.

येताना रिक्षात सुपरमॅन निघाला. नुसता चष्मा लावला तर कोणी ओळखत कसं नाही? याचं उत्तर मात्र होतं माझ्याकडे, १९७८ च्या एका अंकात दिलंय की त्या काचा तो लहानपणी ज्या यानातून पृथ्वीवर आला त्या यानाच्या आहेत आणि त्यातून तो नकळत लोकांना संमोहित करतो. भाचा बराच वेळ गप्प. मी जिंकलो म्हणून जरा टेकून बसलो.

"मग चष्म्यातला फोटो काढला तर? फोटो कसा संमोहित होतो?"

आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत, "हां, सांगा ना साहेब."