‘दीड दिवसाची शाळा’ आता पुरे

1 ऑगस्ट आला की भिंतीभिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लागतात. 1920 च्या त्या दिवशी मुंबईत टिळक गेले आणि वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे जन्मले, म्हणजे आपले अण्णा भाऊ. त्यांच्या फोटोखालची ओळ ठरलेली: शाळा फक्त दीड दिवस, तरी तीसहून अधिक कादंबऱ्या! हात जोडलेले दोन इमोजी, की झाली जयंती.

माहिती खोटी नाही. राग तिच्या वापराचा आहे. ‘दीड दिवस’ म्हटलं की सगळा चमत्कारच होऊन बसतो, आणि चमत्काराला हात जोडायचे असतात, तो कसा घडला हे कुणी विचारत नाही. अण्णा भाऊ शिकलेले होते, चांगले घासून शिकलेले. फक्त त्यांच्या शाळेला फळा नव्हता.

वारणेच्या खोऱ्यातलं अण्णा भाऊंचं मातंग कुटुंब 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला पायी मुंबईला निघालं. अंतर सुमारे सव्वादोनशे मैल. मुंबईत मिळेल ते काम करत पोरगा माटुंग्याच्या लेबर कॅम्पात पोचला. तिथे रा. भा. मोरे होते. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीतले मोरे पुढे कम्युनिस्ट झाले होते. जात आणि वर्ग हे दोन्ही प्रश्न एकाच वस्तीत, एकाच तोंडून ऐकायला मिळावेत अशी शाळा तेव्हा दुसरीकडे कुठे होती? 1943 मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा आला. व्होल्गेकाठची लढाई वारणेकाठच्या भाषेत सांगायची, तर आधी ती स्वतःला नीट समजलेली असावी लागते. नुसत्या प्रतिभेवर ते होत नाही. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं.

इथे थोडं थांबतो, कारण कादंबरीकार या पथकातच घडला आणि नेमका हाच भाग सगळे दोन ओळींत उरकतात.

मैदानातला पोवाडा कसा चालतो बघा. डफ, तुणतुणं, झांज, मागे झील, म्हणजे पालुपद, धरणारे सुरते. श्रोते बसलेले, उभे, येणारे, जाणारे. उशिरा आलेल्याला मागचं माहीत नसतं, म्हणून प्रत्येक चौक, म्हणजे पोवाड्याचा एकेक खंड, आपल्या पायावर उभा राहावा लागतो. झीलकरी ‘जी जी’ धरतात तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवायला उसंत मिळते आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मागची ओळ मुरते. ओळ लांबली तर फेक पडते. अवघड शब्द आला की मागच्या रांगा बोलायला लागतात. चूक कळायला समीक्षकाची वाट बघावी लागत नाही, मैदानच सांगतं. वर्षानुवर्षं ही परीक्षा दिलेला माणूस कादंबरी लिहायला बसला की वाक्य आपोआप आखूड होतं आणि प्रसंग लगेच पेटतो.

तमाशाचंही तसंच. गण (नमन), गौळण, बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य कथानाट्य) ही जुनी चौकट. अण्णा भाऊंनी गणात गणपतीऐवजी मायभूमी आणि शिवराय आणले, कृष्ण-पेंद्याची गौळण काढून टाकली आणि सगळा भार वगावर दिला. सोंगाड्या मात्र राखला, कारण सावकाराची आणि शेटजीची टर उडवायला त्याच्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही. सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा याच ऐवजाला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळालं. नाव बदललं, ढोलकी तीच राहिली.

‘माझी मैना गावावर राहिली’ आज रिअ‍ॅलिटी शोमध्ये विरहगीत म्हणून गातात. पहिली दोन कडवी झाली की टाळ्या. अहो, ती छक्कड, म्हणजे शाहिरी गीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आहे! पोटासाठी मुंबईत आलेला गडी, गावात राहिलेली बायको, तिचं रूप, निघतानाची घालमेल. मग मुंबईची लखलख आणि त्यात उपाशी गडी. श्रोता पुरता हळवा झाला की रचना वळण घेते: जशी माझी मैना दुरावली तसेच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव महाराष्ट्रापासून तुटले. आधी घरची ताटातूट, मग नकाशावरची. क्रम उलटा केला असता तर ते भाषण झालं असतं. राजकीय लेखन शिकायचं असेल त्यानं हा सांधा शंभरदा बघावा.

आता ‘फकिरा’. 1959 ची कादंबरी, प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पण बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला, 1961 मध्ये राज्य पुरस्कार. नायक खरा, लेखकाच्याच नात्यातला. सुरुवात इंग्रजांपासून होत नाही, ती होते जत्रेच्या मानाची खूण असलेल्या जोगिणीपासून. शेजारच्या गावाची जोगीण पळवून आणायची आणि शिवेपार न्यायची, म्हणजे जत्रेचा मान आपल्या गावाला. फकिराचा बाप राणोजी त्यात जीव गमावतो. गावाच्या मानासाठी मांग मरतो, हे पहिल्या काही पानांतच पक्कं होतं. त्यामुळे पुढे ‘गुन्हेगार जमात’ म्हणून सरकारदरबारी द्याव्या लागणाऱ्या हजेरीचा जाच आणि दुष्काळ आला की वाचकच विचारतो, आता हा गाव यांच्यासाठी काय करणार? माळवाडीचं धान्य, बेडसगावचा खजिना, आणि शेवटी आपली माणसं ओलीस धरली म्हणून फकिराचं स्वतःहून हजर होणं. दरोडा हा गुन्हा की न्याय यावर लेखक प्रवचन देत नाही, आधी भूक दाखवतो आणि मग धान्याचं कोठार.

सगळ्याच कादंबऱ्या अशा आहेत का? नाहीत. हे बोललं की लोक अंगावर येतात, पण बोललं पाहिजे. कादंबऱ्यांचा मोठा भाग आयुष्याच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतला आहे. लेखणीवर घर चालवायचं म्हटल्यावर दुसरा खर्डा करायला वेळ कुठला? म्हणून योगायोग वाढतात, खलनायक पहिल्या पानापासून खलनायकच असतो, नायक एकदा चांगला म्हटला की कुठेच डगमगत नाही. स्त्रिया लढाऊ आहेत, त्या काळाच्या मानानं फारच लढाऊ, पण त्यांची लढाई पुन्हा पुन्हा ‘शील’ या एका शब्दाभोवती फिरते. मैदानात जे बळ होतं तेच पुस्तकात कधी कधी दोष ठरतं. पोवाड्यातल्या वीराला शंका येऊन चालत नाही, कादंबरीतल्या माणसाला ती आली तर बिघडत नाही.

आणि ते लाल की निळे, म्हणजे कम्युनिस्ट की आंबेडकरी, हे भांडण. 1958 च्या मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात त्यांनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलितांच्या तळहातावर तरली आहे. बॅनरवर कुणी ‘दलित’ ठेवतो, कुणी त्या जागी ‘श्रमिक’ छापतो, ज्याच्या त्याच्या झेंड्याप्रमाणे. ‘जग बदल घालुनी घाव’ नीट वाचा. बाबासाहेबांवरच्या त्या गीतात पिळणारे धनवंत आणि छळणारे धर्मांध लागोपाठच्या ओळींत आहेत. त्यांना निवड करायचीच नव्हती, ती आपण त्यांच्यावर लादली.

1961 मध्ये रशिया पाहून आले, प्रवासवर्णन लिहिलं, कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. राहणं मात्र बराच काळ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. 18 जुलै 1969 ला गोरेगावात गेले. एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

नव्यानं वाचणाऱ्यांनी ‘फकिरा’पासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. आधी ‘स्मशानातील सोनं’ वाचा, एका बैठकीची कथा. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करतो. खाण बंद पडते, तो मढ्यांच्या राखेत सोनं शोधायला लागतो, कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं अडकून तुटतात, आणि त्याच सुमाराला बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. कथेत ‘बेकारी’वर भाष्य शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. फक्त तुटलेली बोटं कोणत्या कामाची होती, ते बघा.