एकाच गावाला दोन पू

"सगळ्यांना सांगतोय, पत्रिका तुम्हीच तपासलीय म्हणून!" असं म्हणत शेजारच्या काकांनी आज सकाळी मुलाच्या लग्नाची पत्रिका हातात ठेवली. मी दारातच तिच्यावर नजर टाकली आणि त्यांना चहा विचारायचं राहून गेलं.

गेल्या शनिवारी काका "तुम्ही ते ह्रस्व-दीर्घाचं करता ना?" म्हणत मला स्कूटरवर मागे बसवून अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तर ते असो.

प्रुफावर लाल पेनाने 'हार्दीक'चं 'हार्दिक' केलं, 'कनिष्ट'चं 'कनिष्ठ' केलं, मुलीच्या 'सोलापुर'ला दीर्घ पू दिला. खाली 'सोलापुरातील मंगल कार्यालय' होतं, ते तसंच ठेवलं. कॉम्प्युटरवरच्या पोराने माउस सोडला.

"सर, एकाच गावाला दोन पू?"

"गावाच्या नावातलं पूर दीर्घ. सामान्यरूप झालं की ह्रस्व."

"एकच काय ते ठरवा ना. सगळीकडे एकदम बदलून टाकतो."

तेवढ्यात, वास्तुशांतीची पत्रिका छापायला आलेल्या एक काकू कोथिंबिरीच्या पिशवीसकट बाकावरून पुढे सरकल्या.

"आमची वास्तू कशी आहे हो?"

"नुसती असेल तर दीर्घ. वास्तुशांत म्हटलं की ह्रस्व."

"म्हणजे शांत केली की आखडते?"

"समासात, काकू. कवी दीर्घ, कविराज ह्रस्व. गुरू दीर्घ, गुरुदक्षिणा..."

"गुरूंचं गुरूंपाशी. बिल्डरने आधीच सहाशे सांगून साडेपाचशे फूट दिलीय. त्यात तुम्ही आणखी..." त्यांनी फोन लावला. "अहो, इथे एक सर म्हणतायत वास्तू ह्रस्व होते. हो, शांत केल्यावरच! थांबा, देते." आणि फोन माझ्यापुढे धरला. "बोला."

मी बोललो. कोथिंबिरीच्या वासात उभं राहून एका अनोळखी गृहस्थाला तत्सम शब्द म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याचे गुरुजी वेगळे घेणार का?"

हे नियम काय मी केलेत? साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण 'राहणे' लिहा, 'रहाणे' नको, एवढं सांगितलं तरी लोक असे बघतात, जणू त्यांच्या घराण्याचा कुळाचार मी बंद पाडलाय. त्याच पत्रिकेच्या मागे इंग्रजीत रिसेप्शनमधला पी गळला होता. तो मात्र काकांना चष्म्याशिवाय दिसला! "बाप रे, लोक काय म्हणतील?" मराठीच्या वेळी तेच लोक काही म्हणत नाहीत. मराठीत भावना पोचल्या की झालं.

शेवटी राहिला 'आर्शिवाद'. शिवरचा रफार उचलून मी वावर ठेवायला गेलो, तर काकांनी मनगटच धरलं.

"ते राहू दे. थोरल्याच्या पत्रिकेत असंच होतं. सात वर्षं झाली, दोन मुलं आहेत, कधी भांडण म्हणून नाही. धाकट्याच्या वेळी कशाला उगाच विषाची परीक्षा?"

एवढ्या भरभक्कम पुराव्यापुढे व्याकरण काय बोलणार! मी पेनाला टोपण लावलं.

तर आज पत्रिका आली. आर्शिवाद जागच्या जागी. पोराने 'सगळीकडे एकदम' केलंच होतं, त्यामुळे सोलापूर, सोलापूरातील, आणि काकांचं मूळ गाव, तालुका पूरंदर. ज्या पुरंदरवर तह झाला, त्याला पोराने पुरात सोडून दिलं. हार्दीकसुद्धा तसाच, दीर्घायुषी. माझा लाल पेन त्या कागदावर फिरला होता याची एकच खूण उरली होती, ती म्हणजे काकांचं तोंड.

ते जिना उतरता उतरता मध्येच थांबले.

"आणि लग्नाला लवकर या हं. व्याह्यांना तुम्हाला मुद्दाम भेटायचंय. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलंय त्यांनी!"